तोंड दाखवून बोल

माझ्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायला आम्ही दोघं बहीणभाऊ बसलो होतो. मी सांगायचं आणि धाकट्यानं लिहायचं, कारण अक्षर त्याचं बरं आणि आळस माझा मोठा. आत्या, मामा, मुंबईची मंडळी, वाडीतली घरं असं सगळं झालं आणि मी म्हटलं, आता रत्नागिरीच्या गिरणीवाल्या मावशी. त्यानं पेन टेकवलं आणि परत उचललं.

"नाव काय गं त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. ज्या बाईच्या घरात आम्ही कॉलेजची सगळी वर्षं काढली, जिच्या हातची भाकरी खाऊन वाढलो, तिचं नाव विचारायचं चक्क राहूनच गेलं होतं. गल्लीतसुद्धा सगळे नुसतं मावशी म्हणायचे. शेवटी त्यानं 'गिरणीवाल्या मावशी, सहकुटुंब' असं लिहून टाकलं. मावशींचं कुटुंब म्हणजे एक मोटर आणि पिठाची दोन दगडी जाती. सहकुटुंब आल्या असत्या तर टेम्पो करावा लागला असता.

तशी फिट्टंफाट होती म्हणा. मावशींनाही आमची नावं माहीत नव्हती. मावशी माणसाला नावानं हाक मारतच नसत. तो पहिल्यांदा काय दळायला घेऊन आला, ते त्याचं कायमचं नाव. गल्लीतले एक रिटायर्ड मास्तर 'नाचणी' होते आणि बँकेतल्या बाई 'मोदक'. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी कधीतरी एकदा हरभऱ्याची डाळ आणली होती, तेव्हापासून ते 'बेसन'. खोली बघायला आलो तेव्हा आईनं माझ्याकडं भाजणी दिली होती आणि धाकट्याकडं कुळीथ. मी भाजणी झाले. तो कुळीथ. त्याला ते नाव अजिबात आवडलं नव्हतं. दोनतीनदा त्यानं स्वतःचं खरं नाव ठणकावून सांगितलं. मावशींनी मान हलवली आणि म्हणाल्या, बरं हाय, कुळथा.

आमचं गाव मंडणगडच्या अंगाला. तिथून रत्नागिरी म्हणजे एसटीनं अर्धा दिवस. बाबा मुंबईत नोकरीला, आई गावी शेताकडं बघायला. मला कॉलेजात प्रवेश मिळाला आणि पुढच्याच वर्षी धाकटा आयटीआयला आला, फ्रीज-एसीचं काम शिकायला. दोघांना एकच खोली घेऊन द्यायची, म्हणजे एकाचं दुसऱ्यावर लक्ष राहील, असा आईचा हिशेब होता. लक्ष होतंच. त्यानं माझी साय खाल्ली की माझं लक्ष असायचं आणि मी त्याचा चार्जर घेतला की त्याचं.

खोली गिरणीच्या डोक्यावर होती. सकाळी गिरणी सुरू झाली की आमची जमीन थरथरायला लागायची. मांडणीतले चमचे आपोआप पुढं सरकत यायचे आणि दुपारपर्यंत एखादा खाली उडी मारायचा. पुस्तकांवर, उशीवर, केसांवर पिठाचा थर बसायचा. मी कॉलेजात जायची तेव्हा मैत्रिणी म्हणायच्या, आज तांदूळ वाटतं. पण भाडं परवडणारं होतं आणि मावशींच्या अटी फक्त दोन होत्या. एक, सकाळच्या गाऱ्हाण्याला हजर राहायचं. दुसरी, त्यांच्याशी बोलताना समोर येऊन बोलायचं. जिन्यातून, पाठमोरं, तोंड धुता धुता बोललेलं त्यांना चालायचं नाही.

"तोंड दाखवून बोल गो," असं त्या दिवसातून कितीदा म्हणायच्या कोण जाणे. मला ते फार भारी वाटायचं. मी कॉलेजच्या एका वक्तृत्व स्पर्धेत हे वाक्य वापरलं होतं, निर्भीडपणावर बोलताना. एका साध्या गिरणी चालवणाऱ्या स्त्रीनं मला सत्याला सामोरं जायला शिकवलं वगैरे. बक्षीस मिळालं नाही, पण टाळ्या बऱ्या पडल्या.

गाऱ्हाण्याचं मात्र सांगितलंच पाहिजे. आपल्याकडं गाऱ्हाणं घालतात ते देवळात, नाहीतर गणपतीसमोर. घरातला किंवा गावातला कर्ता पुरुष देवापुढं एकेक मागणं मांडत जातो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मावशी ते मोटरीपुढं घालायच्या, आणि रोज. उदबत्ती लावायची, मोटरीला हळदकुंकू, आणि मग डोक्यावर पदर घेऊन खड्या आवाजात सुरू. एका गुरवानं त्यांना म्हणे एकदा सांगितलं होतं की बाईमाणसानं गाऱ्हाणं घालू नये. त्यावर मावशी म्हणाल्या, मग तू येत जा रोज सकाळी, आणि पट्टा तुटला की तोपण तूच शिवत जा. गुरव परत आला नाही. पीठ न्यायला त्याची बायको यायची, ती 'घावन'.

गाऱ्हाण्यात काहीही असायचं. वीज जाऊ देऊ नको रे म्हाराजा. नाचणी मास्तरांचा गुडघा बरा होऊ दे रे म्हाराजा. बेसन डॉक्टरांच्या दवाखान्यात गर्दी होऊ दे, पण आमच्या गल्लीतली नको रे म्हाराजा. डबे घेऊन रांगेत उभे असलेले सगळे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. काहीजण मोबाईलमध्ये बघत म्हणायचे. पण म्हटल्याशिवाय बटण दाबलं जायचं नाही. मावशी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायच्या, आणि एखादा नुसताच उभा असला तर त्याचा डबा उचलून रांगेत मागं ठेवायच्या. एकदा गाऱ्हाण्यात त्यांनी सरळ घातलं की कुळथाला आज आंघोळ करायची बुद्धी होऊ दे. अख्ख्या रांगेनं व्हय म्हाराजा म्हटलं. धाकट्यानंही सवयीनं म्हटलं आणि मग त्याला जावंच लागलं.

बाकी बाई एकदम मनमोकळी. गिरणी चालू असो की बंद, बोलणं कायम ओरडून. धान्य सोडलं की एक हात मशीनवर ठेवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पीठ चोळून बघायचं, आणि नजर सगळी रस्त्यावर. संध्याकाळी गिरणी थांबली की टीव्हीवर मालिका लावायच्या, तीही आवाज पूर्ण बंद करून. मी एकदा विचारलं, आवाज का नाही लावत? तर म्हणाल्या, आवाज कशाला, भांडतायत ते दिसतंय की. आम्हाला वाटायचं, वर आमचा अभ्यास चालू असतो म्हणून हा त्यांचा चांगुलपणा.

रविवारी डोंबिवलीच्या भावाला फोन. तो त्यांच्यापेक्षा धाकटा. हा फोन म्हणजे ऐकण्यासारखा प्रकार होता. कानाला लावला की एका दमात सुरू. मी बरी हाय, गिरण बरी हाय, पट्टा नवीन घातला, आंब्याला मोहर बरा हाय, तू बरा असशील, वहिनी बरी असंल, पोरास्नी अभ्यास कर म्हणून सांग, ठेवते. आणि ठेवायच्या. पलीकडच्या माणसाला श्वास घ्यायलाही जागा नाही. धाकटा म्हणायचा, हा भाऊ खरंच आहे की मावशी एकट्याच बोलतात ते बघितलं पाहिजे. मी म्हणायची, मोठी बहीण अशीच असते, तू फक्त ऐकायचं असतं.

जेवणाचं सांगायचं तर रात्री मशीन झाडून जे पीठ निघायचं, त्याची मावशी भाकरी करायच्या. दिवसभर जे जे दळलं गेलं असेल, त्या सगळ्याचं थोडं थोडं त्यात असायचं. तांदूळ, नाचणी, बेसन, ज्या दिवशी कुणी उपवासाची वरी आणली असेल त्या दिवशी वरी. चव रोज निराळी. त्या तिला गावभाकरी म्हणायच्या. ही खाल्ली की गावातल्या कुणाशी भांडता येत नाय, कारण सगळ्यांचं अन्न पोटात असतं, असं त्यांचं शास्त्र. आम्ही ती बांगड्याच्या तिखल्याबरोबर खायचो, दोघं एकाच ताटात, शेवटच्या तुकड्यावरून ढकलाढकली करत. शास्त्र काही आम्हाला लागू पडलं नाही.

कारण आम्ही भांडलो, आणि असे भांडलो की बोलणंच बंद झालं.

झालं असं, की आयटीआय संपताच धाकट्याला नोकरी लागली, गुजरातेत वेरावळला, मासे गोठवायच्या कारखान्यात. ही बातमी आईला माहीत होती, बाबांना माहीत होती, त्याच्या मित्रांना, मिरकरवाडा बंदरावरच्या त्याच्या ओळखीच्या खलाशांनासुद्धा माहीत होती. मला ती मोदक बाईंनी सांगितली, रांगेत, डबा या हातातून त्या हातात घेत. अगं भाऊ चालला ना तुझा, आता एकटी राहणार का तू? मी हो हो म्हटलं, जिना चढून वर आले आणि भांडी आपटायला सुरुवात केली. संध्याकाळी तो आल्यावर मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, सांगणारच होतो. मी म्हटलं, कधी, पत्र टाकून? शब्दानं शब्द वाढला. शेवटी मी म्हटलं, जायचं तर जा, माझं काय अडलंय. तोही म्हणाला, तेच तर, तुझं काय अडलंय. आणि त्यानं अंथरूण ओढून गॅलरीत नेलं.

मला खरं म्हणजे धक्का बसला होता. आमच्यात सगळ्यात आधी मला कळायचं, हा नियम होता. त्याचा पहिला दात पडला तेव्हा तो मला दाखवायला शाळेत पळत आला होता. त्या पोरानं मला सगळ्यात शेवटी ठेवलं, आणि ते मला सहन होत नव्हतं. शिवाय असा न बोलताच तो गेला, तर पुढं कुणी आधी बोलायचं, हा प्रश्न कायमचा राहणार, याची भीती वाटत होती. आमच्या वाडीत अशी न बोलणारी भावंडं आहेत. आधी कुणी बोलायचं ते ठरलं नाही, म्हणून म्हातारी होत चाललीत.

पण एका खोलीत राहायचं तर निरोप द्यावेच लागतात. ते आम्ही मावशींमार्फत द्यायला लागलो. त्या दिवसांत तोंड दाखवून बोलायची अट मावशींनी कशी कोण जाणे सोडून दिली होती. मी जिन्यात, खालून दिसेल अशी उभी राहून, भिंतीकडं तोंड करून ओरडायची की मावशी, त्याला सांगा, डाळ संपलीय, आणायची तर आण, नाहीतर उपाशी राहा. खाली मावशी त्याला सांगायच्या, कुळथा, भाजणी इचारते, आज तुज्या आवडीचं काय करू? तो बूट घालता घालता, खाली मान घालून म्हणायचा, तिच्या हातचं मला काही नको म्हणावं. आणि मावशी वर तोंड करून मला कळवायच्या, तो म्हनतो, तू करशील ते कायपन चालंल.

हे मला जिन्यात उभं राहून दोन्ही बाजूंनी ऐकू यायचं. त्यालाही. बाई डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलत होती आणि चेहऱ्यावर एक रेघ हलत नव्हती. मला हसू यायचं, पण हसले तर हरले, म्हणून मी गंभीर चेहऱ्यानं त्याच्या आवडीची तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी करायची. तोही गंभीर चेहऱ्यानं दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा. पुढं कितीतरी वर्षं आम्ही हा किस्सा सांगत आलो. आमच्या मावशी म्हणजे मुरलेल्या मुत्सद्दी, त्यांना सरहद्दीवर पाठवलं पाहिजे, असं धाकटा वेरावळच्या मित्रांना सांगायचा.

मुत्सद्देगिरीनं जेवणाचा प्रश्न सुटला, बोलण्याचा मात्र सुटला नाही. त्याच्या जाण्याचा दिवस आला. सकाळी तो बॅग घेऊन खाली उतरला. मी त्याच्या मागोमाग, हातात डब्याची पिशवी घेऊन, पण बघत होते दुसरीकडं. रांग लागलेली होती. नाचणी, मोदक, घावन, सगळे. मावशींनी उदबत्ती लावली, पदर घेतला आणि सुरू केलं.

"बा म्हाराजा, आज आमचा कुळीथ परमुलखात चाललाय, त्येला सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," रांग म्हणाली.

"तितं त्येला पोटभर जेवाक मिळू दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनि ही दोन भावंडं घुम्यासारखी उभी हायत, ती मोटर सुरू व्हायच्या आत एकमेकांशी बोलू देत रे म्हाराजा."

रांगेनं दणदणीत व्हय म्हाराजा म्हटलं. मावशींनी हात वर करून त्यांना गप्प केलं. तुमचं नको, म्हणाल्या, ह्यांचं पायजे. आणि बटणावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

नाचणी मास्तरांनी घड्याळात बघितलं. घावनबाई म्हणाल्या, म्हणा रे लवकर, माझा गॅस चालू आहे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत तोंडातल्या तोंडात म्हटलं. धाकट्यानं बॅगेच्या चेनशी खेळत, खाली बघून म्हटलं. मावशींनी मान हलवली.

"देवाला आयकू नाय आलं. वर बगून बोला."

मग आम्ही वर बघितलं, म्हणजे एकमेकांकडंच बघावं लागलं. त्याचे डोळे भरलेले होते आणि माझ्या नाकाला पाणी सुटलं होतं. त्या अवतारात आम्ही दोघांनी एकदम बोंब मारल्यासारखं व्हय म्हाराजा म्हटलं. मावशींनी बटण दाबलं. गिरणी धडधडायला लागली आणि त्या आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू येणार नाही असं, तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला,

"तुला शेवटी सांगितलं, कारण तुला सांगितल्यावर मला निघवलं नसतं."

मी म्हटलं, डबा पिशवीत वरतीच ठेव, तिरका करू नको, आमटी सांडेल.

एवढंच. पण तेवढं बोलून तो गेला म्हणून आज तो माझ्या पत्रिका लिहायला सुट्टी काढून आलाय. तेव्हापासून आमचं बोलणं एक दिवससुद्धा थांबलेलं नाही. भांडणासाठी का होईना, फोन असतोच.

तर पत्रिका घेऊन आम्ही दोघं रत्नागिरीला गेलो. गल्ली तीच, गिरणी तीच, मावशी थोड्या वाळलेल्या. मी दारातून हाक मारली, आणि नवल म्हणजे त्यांनी लगेच वळून बघितलं. ओरडल्या मात्र नाहीत. आपण बोलतो तशा साध्या आवाजात म्हणाल्या, आली का गो भाजणी. आम्हाला दोघांनाही चुकल्यासारखं झालं. मग त्यांनी पदर बाजूला करून कान दाखवला. कानामागं मशीन होतं, ऐकायचं.

मागच्या गणपतीत त्यांचा भाऊ डोंबिवलीहून आला होता. तो मागं उभा राहून हाका मारतोय, मारतोय, आणि मावशी मोदकाच्या उकडीत हात घालून ढिम्म. मग त्यानं सगळं उकरून काढलं. कान कधी गेले होते ते मावशींनाच नक्की ठाऊक नव्हतं. गिरणीच्या आवाजानं हळूहळू गेले. आम्ही खोली घ्यायला आलो त्याच्या कितीतरी आधी. सांगितलं असतं तर भावानं गिरणी बंद करून डोंबिवलीला नेऊन ठेवलं असतं, म्हणून कुणाला पत्ता लागू दिला नाही. गिरणीत सगळेच ओरडतात आणि कुणालाच ऐकू येत नाही, त्यात आपलं खपून जातं, असं त्या मजेत सांगत होत्या. आता भाऊ दोन महिन्यांनी येऊन मशीनची बॅटरी बघून जातो, या अटीवर गिरणी राहिली आहे. तक्रार एकच. ही गिरण एवढी ओरडते, ते इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं कसं नाय? आणि मालिकेतल्या बाया एवढ्या रडतात? चित्रात तर बऱ्या वाटायच्या.

धाकटा हसत होता. माझ्या डोक्यात मात्र एकेक गोष्ट जागेवर बसत होती. नाव न विचारणं. आवाज बंद टीव्ही. एका दमातला फोन. माझं वक्तृत्व स्पर्धेतलं ते सत्याला सामोरं जाणं. आणि मग मला ते आठवलं.

"मावशी, मग आमचे निरोप? आम्ही बोलत नव्हतो तेव्हाचे?"

मावशींनी पत्रिकेवरचं पीठ झटकलं.

"मला काय आयकू येत होतं? रागावलेलं माणूस तोंड फिरवून बोलतं, मग मला ओठपन दिसत नव्हते. भावंडं एकमेकाला काय सांगणार, ते मला ठाऊक होतं. तेच सांगत होते."

धाकट्याचं हसणं थांबलं. तो पत्र्याच्या डब्यावर बसला आणि उगाच मोटरीकडं बघत राहिला. आम्ही ज्याला इतकी वर्षं लबाडी समजत होतो, त्यात लबाडी मुळी नव्हतीच. त्यांनी जे सांगितलं, त्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास होता. आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर होतं. मी डाळीवरून ओरडत होते तेव्हा मला त्याच्या आवडीचंच करायचं होतं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

निघायच्या वेळी मावशी म्हणाल्या, थांबा, लग्नघर हाय, गाऱ्हाणं घालते. उदबत्ती लावली. पदर घेतला. मग कानातलं मशीन काढून काउंटरवर ठेवलं, आणि आवाज एकदम पहिल्यासारखा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा लागला.

"बा म्हाराजा, आता ही सासरी चालली नि तो तिकडं ऱ्हाणार. मधे मी नाय निरोप सांगाय. तर कितीपन भांडली, तरी एकमेकाकडं तोंड करून भांडू दे रे म्हाराजा."

आणि आमच्या तोंडाकडं बघत थांबल्या.

आम्ही एकमेकांकडं वळलो, वर बघितलं आणि दोघांनी एकदम, जमेल तेवढं तोंड मोठं उघडून म्हटलं.